फटका चुकतो, माणूस नाही

१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर सचिन तेंडुलकर निरोपाचं भाषण करत होता. कुणी राहून जाऊ नये म्हणून नावांची यादी हातात होती. वडील, आई, भाऊ अजित, काका-काकू असे आभार मानत तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांपाशी आला आणि म्हणाला, गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी मला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलेलं नाही. पोरगा हुरळून जाईल, मेहनत सोडेल, अशी त्यांना धास्ती होती. आता पुढे सामनाच नाही, तेव्हा सरांनी म्हणायला हरकत नाही, असंही त्याने हसत हसत सुचवलं.

हा किस्सा दादर-गिरगावच्या घरांत फार आवडीने सांगितला जातो आणि त्याचं तात्पर्यही ठरलेलं असतं: ‘बघा, डोक्यावर चढवून ठेवलं नाही म्हणून घडला.’ मग मुलगी ९६ टक्के घेऊन येते, तेव्हा पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, ‘चार कुठे गेले?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण आचरेकरांच्या पद्धतीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आपण उचलला आणि मुख्य भाग शिवाजी पार्कवरच ठेवून आलो.

आचरेकर सर कडक होते, प्रसंगी हातही उगारत. पण शारदाश्रम शाळेच्या या पोराला त्यांनी दिलेली खरी गोष्ट म्हणजे सामने. एका मैदानावर डाव संपला की स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, तिथल्या संघात उतरवायचं. सचिनने आत्मचरित्रात उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुटीत पंचावन्न सराव सामने खेळल्याचं लिहिलं आहे. दोन महिन्यांत पंचावन्न सामने खेळणारा मुलगा किती वेळा बाद होत असेल, याचा हिशेब मांडा. त्रिफळा, पायचीत, स्लिपमध्ये झेल, कधी पहिल्याच चेंडूवर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पॅड बांधायचे. स्टंपवर सर रुपयाचं नाणं ठेवत: जो बाद करेल त्याचं, नाही झाला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. नाणं गेलं तर त्या दिवशीचं गेलं. दुसऱ्या दिवशी स्टंपवर नवं नाणं.

पुढचे आकडे याच नजरेने वाचावेत. एकदिवसीय क्रिकेटमधल्या त्याच्या पहिल्या दोन्ही डावांत शून्य. कसोटीत ३२९ डाव, ५१ शतकं, म्हणजे २७८ डावांत शतक झालेलं नाही. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींत त्याच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर तो सापडत होता. सिडनीच्या चौथ्या कसोटीत त्याने कव्हर ड्राइव्ह हा लाडका फटकाच बंद केला आणि नाबाद २४१ धावा केल्या. दोष फटक्यात आहे हे त्याने शोधलं आणि फटका काढून टाकला. दोष माझ्यातच आहे असं ठरवून बसला असता, तर काढून टाकायला त्याच्याकडे काय उरलं असतं?

परिपूर्णतेच्या अट्टहासाचं सगळं दुखणं या फरकात आहे.

उंच उडी आणि गळफास

चांगलं काम करायची ओढ आणि हा अट्टहास बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही रात्री जागतात, दोघेही काम पुन्हा तपासतात. म्हणून तर मुलाखतीत ‘तुमचा अवगुण सांगा’ म्हटलं की लोक ‘मी जरा परफेक्शनिस्ट आहे’ असं मिरवत सांगतात. १९७८ साली डॉन हॅमाचेक या मानसशास्त्रज्ञाने दोहोंमध्ये रेघ ओढली. एका प्रकारच्या माणसाला कष्टाच्या कामात आनंद मिळतो आणि प्रसंग पाहून तो थोडं सैल सोडू शकतो. दुसऱ्याला कितीही केलं तरी कमीच वाटतं.

१९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी हा स्वभाव मोजायची प्रश्नावली तयार केली. तिच्यात उंच अपेक्षा हा एक भाग होता. चुकांची धास्ती, आपण केलेल्या कामाबद्दल सतत शंका, आईवडिलांच्या अपेक्षा आणि त्यांची टीका हे आणखी काही भाग. त्रास प्रामुख्याने चुकांच्या धास्तीशी आणि शंकेशी जोडलेला दिसतो. उंच अपेक्षा एकटी असेल तर ती तेवढी छळत नाही.

पुढच्याच वर्षी पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या संशोधकांनी तीन दिशा सांगितल्या. पहिली, स्वतःकडून निर्दोष कामाची मागणी. दुसरी, इतरांकडून तशीच मागणी: सुनेची पोळी गोलच हवी, हाताखालच्या माणसाच्या पत्रात एक स्वल्पविराम चुकला की सगळं पत्र परत. तिसरी, ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा करतात आणि त्यात कमी पडलो तर मला किंमत राहणार नाही’ ही खात्री. तिन्हींत ही तिसरी जास्त घातक. तिचा संबंध नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी वारंवार आढळला आहे. २००२ मध्ये रोझ शाफ्रान आणि तिच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याची गाठ नेमकी दाखवली: माणूस स्वतःची किंमत जवळजवळ पूर्णपणे स्वतःच लादलेल्या कठोर मापांवर ठरवतो, आणि त्यापायी नुकसान होत असूनही ती मापं सोडत नाही.

पुन्हा फाडलेला कागद

हे प्रत्यक्षात कसं चालतं? समजा, लालबागच्या एका चाळीत राहणारी, जे. जे. मध्ये आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी. उद्या सबमिशन आहे. वडील पहिल्या पाळीला जायचे म्हणून झोपलेत, ट्यूबलाइटवर वर्तमानपत्राचा आडोसा लावलाय, ड्रॉइंग बोर्ड मांडीवर तिरका धरून तिचं काम चाललंय. जिन्याचा सेक्शन जवळजवळ उतरला आहे. शेवटच्या पायरीशी पट्टी उचलताना शाई ओढली जाते आणि मुगाएवढा डाग पडतो. ट्रेसिंग पेपरवरचा डाग ब्लेडने हलकेच खरवडून काढता येतो, हे तिला वर्गात शिकवलेलं आहे. मैत्रिणीला ती स्वतःच तसं सांगते. पण आज ती सगळी शीट फाडते. रात्रीचा एक वाजलेला असतो.

इथून पुढे तीनच वाटा आहेत आणि तिन्ही तिच्या विरोधात जातात. पहाटेपर्यंत जागून तिने शीट बिनडाग केली, तर मनात येतं, ‘जमलं म्हणजे एवढं कठीण नव्हतंच’, आणि पुढच्या वेळचं माप आणखी वर जातं. डागासकट दिली आणि दोन गुण गेले, तर ‘आपण या कॉलेजच्या लायकीचेच नाही’ हा निकाल लागतो. तिसरी वाट सगळ्यात फसवी: ती सबमिशनला जातच नाही. ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणून. न दिलेल्या शीटवर डाग नसतो. बाहेरून बघणारे तिला आळशी म्हणतात. चालढकलीमागे कधी कधी आळस नावालाही नसतो, नुसती भीती असते.

म्हणजे यश आलं तरी समाधान नाही आणि अपयश आलं तर थेट अस्तित्वावर घाव. या चक्रात चुकीतून शिकणं तेवढं होत नाही, कारण ब्लेडने डाग खरवडून पाहायची वेळच ती येऊ देत नाही.

एका गुणाची किंमत

हा स्वभाव आकाशातून पडत नाही. लालबाग-परळच्या गिरणगावाने तो कुठून आणला, हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावं ठेवणं सोपं आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळीच्या कित्येक घरांतली पिढ्यांची रोजी संपली ती संपलीच. बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागेल, ही वाट बंद झाली. उरली ती शाळेची वाट. तिथे बोर्डाच्या गुणवत्ता यादीचा दबदबा, प्रवेशाची कट-ऑफ आणि एका गुणाने हुकलेली जागा. अशा घरात ‘चार कुठे गेले’ हा प्रश्न खडूसपणाने विचारला जात नव्हता. त्या चार गुणांत खरोखरच एक सरकारी कॉलेज मावत होतं. घसरलं तर सावरायला खाली जाळी नव्हती. पूर्ण गुण हीच एक विम्याची पॉलिसी, आणि हप्ता मुलांनी भरायचा.

शिवाय चाळ. निकालाच्या दिवशी गॅलरीतून सार्वजनिक नळापर्यंत जाईस्तोवर दहा जण विचारणार, ‘किती पडले गं?’ त्या दहांनीच आजारपणात डबा पोचवलेला असतो आणि अडीअडचणीला पैसे उसने दिलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. ह्युइट-फ्लेट यांची तिसरी दिशा वाढायला याहून कसदार जमीन कुठली?

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आलेत आणि गॅलरीची जागा मोबाइलने घेतली. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची उत्तरं एकत्र करून पाहिली. स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी १० टक्क्यांनी वाढलेली होती, इतरांकडून करायची मागणी १६ टक्क्यांनी, आणि ‘लोकांना माझ्याकडून निर्दोषपणाच हवा आहे’ ही भावना तब्बल ३३ टक्क्यांनी. आकडे तिकडचे आहेत. पण इन्स्टाग्राम तेच आहे, आणि स्पर्धा इकडे कमी नाही. संपाची झळ न बसलेली नातवंडंही तोच हप्ता भरताना दिसतात, पॉलिसी केव्हाच बदलली असली तरी.

‘चिंचपोकळी आलं!’

स्वतःची किंमत कामाच्या मापाला बांधणाऱ्या या गाठीवर ज्यांनी नेमकं बोट ठेवलं त्यांत अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९५५ च्या सुमारास त्यांनी जी उपचारपद्धती मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईतले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथल्या अनेकांना शिकवली. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ती मराठी वाचकांच्या घरात पोचली.

एलिस यांचं म्हणणं साधं आहे. प्रसंग आपल्याला थेट दुःखी करत नाही. प्रसंगाबद्दल आपण मनाशी काय बोलतो, त्यावर आपली भावना ठरते. ‘शीट चांगली व्हावी अशी माझी फार इच्छा आहे’ हे वाक्य मनात असेल आणि डाग पडला, तर हळहळ वाटते, आणि हळहळणारा हात ब्लेडकडे जातो. ‘शीट निर्दोष झालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हे वाक्य असेल, तर घबराट होते आणि घाबरलेला हात कागद फाडतो. पहिल्या वाक्यात मेहनत कमी होत नाही. इच्छा तेवढीच तीव्र राहते, हट्ट तेवढा जातो.

पण नुसतं समजून भागत नाही, हे एलिस यांना स्वतःवरून माहीत होतं. तरुणपणी मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. महिन्याभरात ते १३० जणींच्या शेजारी जाऊन बसले. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही. मोहीम साफ फसली आणि भीती मात्र गेली. शंभर नकारांनंतरही आपण शाबूत आहोत, हे त्यांना कळलं.

पुढे ते रुग्णांना असाच गृहपाठ देत: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसा आणि प्रत्येक स्टेशन आलं की त्याचं नाव मोठ्याने पुकारा. आपल्याकडे हे दुपारच्या धीम्या लोकलमध्ये करून बघण्यासारखं आहे. ‘करी रोड आलं!’, ‘चिंचपोकळी आलं!’, ‘भायखळा!’ दोन डोकी वर होतील, एखादा हसेल, कुणीतरी ‘थँक यू’ म्हणून उतरेलही. भायखळ्यापर्यंत कान लाल होतील आणि मशीद बंदरपर्यंत थंड पडतील. लोकांच्या नजरेने माणूस मरत नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. ती डब्यातच पटते.

अट्टहासावर आज जे वर्तनोपचार वापरले जातात, ते याच रस्त्याने जातात. भाकीत लिहायचं आणि तपासायचं. ‘ई-मेल तीनदा न वाचता पाठवली तर साहेब झापतील’ असं वाटतंय ना? मग एक किरकोळ ई-मेल एकदाच वाचून पाठवा आणि काय झालं ते वहीत लिहा. अशा नोंदी साठत गेल्या की भीतीचे अंदाज वरचेवर चुकतात, हे आपल्याच अक्षरात समोर येतं.

फाळक्यांची तारामती

दर्जा आणि तडजोड एका माणसात नांदू शकतात का? दादरने याचं उत्तर १९१३ मध्येच दिलं आहे.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. त्यांची चिकाटी अशी की वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते दाखवायला त्यांनी रोज थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट बनवला. दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी सुरू झाली, आणि तारामती मिळेना. चित्रपटात काम करायला कुणी स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले आणि तेच तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला.

फाळक्यांना स्त्रीच हवी होती, हे उघड आहे. त्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या. पण पहिला चित्रपट पडद्यावर आला नसता तर दुसऱ्यापर्यंत पोचताच आलं नसतं. फाळक्यांनी माप सोडलं नाही. ते पुढच्या चित्रपटावर नेलं, आणि हातातलं काम पुरं केलं.

हीच रीत आज लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत दिसते. साच्यात काथ्या आणि प्लास्टर भरून अंग उभं राहतं, सांधे बुजवून पॉलिश पेपर फिरतो, स्प्रे गनने अंगाचा रंग बसतो, बारीक ब्रशने दागिने होतात, आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी कुणाच्याही हाती देत नाहीत. त्यासाठी कारखान्यातला सगळ्यात सरावाचा हात राखून ठेवलेला असतो. जिथे भक्ताची नजर ठरणार तिथे जीव ओतायचा, आणि मखराच्या आड जाणाऱ्या भागाला त्याच्या वाट्याचा वेळ द्यायचा, ही वाटणी कारागिराच्या डोक्यात पक्की असते. कारण चतुर्थी कुणासाठी थांबत नाही.

आपल्या कामातले ‘डोळे’ कोणते, हे हात घालण्याआधी ठरवावं. वेळही आधीच बांधून घ्यावा: या अहवालाला दोन तास, त्यातला एक फक्त निष्कर्षाला. काम करता करता ठरवायला गेलं की अट्टहास प्रत्येक कोपऱ्याला डोळे म्हणतो.

घरात आणि घराबाहेर

क्रिस्टिन नेफ या संशोधिकेने २००३ पासून ‘स्वतःशी करुणेने वागणं’ या विषयावर काम केलं आहे. तिची कसोटी कुणालाही वापरता येते: हीच चूक जिवलग मैत्रिणीकडून झाली असती तर तिला काय म्हणालो असतो? बहुतेकांना उत्तर लगेच सापडतं आणि ते स्वतःशी बोलतो त्यापेक्षा कितीतरी शहाणं असतं. लालबागच्या त्या मुलीने मैत्रिणीला ब्लेडचीच आठवण करून दिली असती.

मात्र काही वेळा हे घरगुती उपाय पुरत नाहीत. झोप उडाली, जेवण तुटलं, परीक्षेला बसणंच बंद झालं, नको नको ते विचार नाइलाजाने पुन्हा पुन्हा येऊन हात धुणं किंवा कुलूप तपासणं थांबेनासं झालं, किंवा ‘आपण नसलेलेच बरे’ असं वाटू लागलं, तर तो स्वभावाचा प्रश्न राहिलेला नाही. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि शीवचं लोकमान्य टिळक या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालतो. जिवाला धोका वाटत असेल तर त्याच दिवशी जावं आणि माणसाला एकटं सोडू नये.

बाकी रोजच्या घरासाठी एक सवय सुचवावीशी वाटते. मुलांना ‘चुकलं तरी चालतं’ असं सांगून फारसं काही होत नाही. आईवडिलांची चूक त्यांनी कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्यांचा विश्वास बसत नाही. रात्री जेवताना बाबांनी सांगावं, ‘आज चलनात शाखेचा क्रमांक चुकीचा टाकला, साहेबांनी दाखवला, पुन्हा भरलं.’ आईने सांगावं, ‘मिटिंगमध्ये भलताच आकडा बोलून गेले, मग दुरुस्त केला.’ काय चुकलं, काय केलं, एवढंच. मग वाढणं पुढे चालू. अशी शंभर जेवणं झाली की एखाद्या दिवशी मुलगी आपणहून सांगते, ‘आई, शीटवर डाग पडला होता. खरवडला आणि दिली.’ त्या दिवशी किती गुण पडले ते विचारू नये. भाजी वाढावी.